नवं काडतूस, जुनी फूटपट्टी

विंचेस्टरने २०१९ मध्ये .३५० लेजंड हे काडतूस आणलं. २०२३ मध्ये त्याच कंपनीचं .४०० लेजंड आलं, आणि त्याच वर्षी रेमिंग्टनचं .३६० बकहॅमर. तिन्हींचं गिऱ्हाईक एकच: अमेरिकेच्या मिडवेस्टमधला हरणांचा शिकारी. तिन्हींच्या परीक्षणांचा सूरही एकच: वेग किती, ऊर्जा किती, खांद्याला बसणारा धक्का किती कमी. हे आकडे कंपनी खोक्यावर छापतेच. ते पुन्हा वाचून दाखवणं म्हणजे परीक्षण नव्हे, फुकटची जाहिरात आहे.

मुळात ही काडतुसं आली कशाला? मोबाईलवर गेम खेळताना तुम्ही ५.५६ आणि ७.६२ ची काडतुसं गोळा केली असतील. त्यांची पितळी पुंगळी बाटलीसारखी असते: पोट मोठं, मान अरुंद. दारू भरपूर, गोळी बारीक, म्हणून वेग जास्त. सरळ भिंतीच्या पुंगळीला ही मान नसते. जाड, बोथट गोळी कमी वेगाने निघते आणि लवकर खाली येते.

ओहायो, इंडियाना, आयोवा आणि दक्षिण मिशिगन हा सपाट मुलूख. मक्याची शेतं, मध्येच घर, पलीकडे रस्ता. गोळी लांब जाऊ नये म्हणून तिथे हरणाच्या शिकारीला वर्षानुवर्षं शॉटगनचा स्लग किंवा नळीच्या तोंडातून भरायची बंदूकच चालायची. मग नियम सैल झाले. ओहायो आणि मिशिगनने २०१४ मध्ये, आयोवाने २०१७ मध्ये सरळ भिंतीच्या काडतुसांना दार उघडलं. म्हणजे गरज हरणाने नाही, कायद्याने निर्माण केली.

आता त्या कायद्याची फूटपट्टी बघा. मिशिगनच्या २०१४ च्या नियमाने या भागात पुंगळीची लांबी १.१६ ते १.८० इंच ठरवली. अमेरिकी लष्कराचं १८७३ चं .४५-७० काडतूस सरळ भिंतीचंच आहे. जुन्या भरणीत त्याची ४०५ ग्रेनची गोळी सेकंदाला जेमतेम १,३०० फुटांनी निघते. पण पुंगळी २.१०५ इंचांची, म्हणून ते बाद. .३६० बकहॅमरची १८० ग्रेनची गोळी २,४०० फुटांनी निघते, पण पुंगळी बरोबर १.८० इंचांची, म्हणून ते पास! शेजारच्या ओहायोत मात्र .४५-७० चालतं. सुरक्षिततेसाठी केलेला नियम गोळी किती लांब जाते हे मोजतच नाही, पितळ किती लांब आहे हे मोजतो. आणि कारखाना त्या मापाला पितळ कापून देतो.

स्लग सुरक्षित, ही मूळ समजूतही पक्की नाही. पेन्सिल्व्हानियात २००७ मध्ये सरकारच्या सांगण्यावरून झालेल्या अभ्यासात दिसलं, की जमिनीला समांतर झाडलेला स्लग आदळून उसळला, तर रायफलच्या गोळीपेक्षाही पुढे जाऊ शकतो.

आता .४०० लेजंडकडे. त्याची २१५ ग्रेनची गोळी कंपनीच्या आकड्यांनुसार २,२५० फुटांनी निघते. नळीच्या तोंडाशी ऊर्जा सुमारे २,४०० फूट-पाउंड. १८० ग्रेनच्या .३५० लेजंडची १,७६० च्या आसपास. आकडा मोठा आहेच. पण दीडशे यार्डांच्या आत उभ्या असलेल्या हरणाला हा फरक कळत नाही. त्याला कळतं ते गोळी कुठे लागली आणि आत जाऊन काय झालं.

घरी काडतुसं भरणाऱ्याची खरी अडचण इथेच सुरू होते. .४०० लेजंडच्या गोळीचा व्यास ०.४००५ इंच. या मापाच्या पिस्तुलाच्या गोळ्या ढिगाने आणि स्वस्त मिळतात. पण त्या साधारण १,००० ते १,३०० फूट वेगासाठी बनलेल्या असतात. दुप्पट वेगाने सोडल्या तर वरच्या वर फुटतात, खोल जात नाहीत. कागदाच्या निशाण्यावर चालेल. हरणावर त्याचा अर्थ एकच: जखमी जनावर मक्यात शिरणार आणि रात्रभर तडफडणार. वेग झेलणाऱ्या रायफल-गोळ्या या व्यासात मोजक्याच आहेत. .४५० बुशमास्टरच्या ०.४५२ इंची मापात मात्र ताकदवान रिव्हॉल्वरांसाठी केलेल्या दणकट गोळ्या आधीपासून मिळतात.

दुसरी गोष्ट. लेजंडच्या पुंगळीला ना मान, ना खांदा, ना बाहेर आलेली कड. नळीच्या खोबणीत ती टेकते ती तोंडाच्या काठावर. त्यामुळे पुंगळी प्रमाणाबाहेर आखूड कापली, की काडतूस आत सरकतं आणि बार फुसका जाऊ शकतो. गोळी पकडायला तोंड आत वळवलं तरी तोच धोका. हलकासा निमुळता दाबच द्यावा लागतो. बकहॅमरला .३०-३० सारखी कड आहे, ते कडेवर टेकतं, म्हणून भरणाऱ्याला तेवढी सूट मिळते. हे सांगणारं परीक्षण कामाचं. 'भारी आहे, घ्या' म्हणणारं नाही.

विरुद्ध बाजूचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे. बारा बोअरच्या स्लगचा धक्का जबर असतो. अंगाने लहान माणूस त्याला बिचकतो, चाप ओढतानाच दचकतो, आणि नेम चुकून जनावर जखमी होतं. कमी धक्क्याचं काडतूस ही खरोखर दया आहे. मान्य. पण ते काम .३५० लेजंडने २०१९ मध्येच केलं. चार वर्षांनी तेच दुखणं दाखवून नवी रायफल, नवे डाय आणि नव्या पुंगळ्या विकणं ही दया नाही, दुकानदारी आहे.

आणि हा शोधही कंपन्यांचा नाही. इंडियानातले हौशी लोक त्याआधीच लांब पुंगळ्या कापून कायद्याच्या मापात बसवत होते, आपल्या घरच्या टेबलावर. कंपन्यांनी त्याला नाव दिलं आणि खोकं दिलं.

म्हणून नव्या काडतुसाला तीनच प्रश्न विचारा. या व्यासात, या वेगाला टिकणारी गोळी मला सहज मिळेल का? दहा वर्षांनी पुंगळ्या मिळतील का? माझ्याकडे आधीच असलेल्या रायफलीने जे होत नाही, असं हे काय करतं? तिसऱ्याचं उत्तर 'कायद्यात बसतं' एवढंच असेल, तर पैसे खिशात ठेवा आणि आमदाराला पत्र लिहा: मोजायचं असेल तर गोळी मोजा, पितळ नको.