शिशाचे छर्रे, रानबदके आणि ताटातले मांस: सुरक्षित पर्याय असूनही बदल इतका संथ का?

ब्रिटन सरकारने जुलै २०२५ मध्ये एक महत्त्वाची घोषणा केली. शिकारीसाठी वापरले जाणारे शिशाचे छर्रे आणि बहुतेक शिसेयुक्त गोळ्या इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधून हद्दपार होणार आहेत. छर्ऱ्यांत १ टक्क्यापेक्षा जास्त आणि गोळ्यांत ३ टक्क्यांपेक्षा जास्त शिसे चालणार नाही. बदलासाठी तीन वर्षांची मुदत असून २०२९ पासून बंदी लागू करण्याचे नियोजन आहे.

शिकारीची बातमी आरोग्याच्या संकेतस्थळावर कशाला, असे तुम्हाला वाटेल. कारण सोपे आहे. काडतुसातले शिसे तळ्यात पडते, तिथून पक्ष्याच्या पोटात जाते आणि शिकारीच्या मांसातून माणसाच्या ताटात येते. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा किंवा युरोपात राहणाऱ्या मराठी कुटुंबांसमोरही हे मांस येते. कधी खाटकाच्या दुकानातला फेझंट असतो, कधी हॉटेलातले रानबदक, तर कधी सहकाऱ्याने प्रेमाने दिलेले हरणाचे मांस. म्हणून हा विषय नीट समजून घेऊया.

तळ्यातला छर्रा पक्ष्याला कसा मारतो?

छर्ऱ्याच्या एका काडतुसात साधारण दोनशे ते तीनशे बारीक गोळ्या असतात. त्यातल्या मोजक्याच पक्ष्याला लागतात. बाकीच्या पाण्यात आणि चिखलात पडतात.

पक्ष्यांना दात नसतात. बदके आणि हंस अन्न दळण्यासाठी बारीक खडे गिळतात. हे खडे त्यांच्या पेषणीत, म्हणजे पोटाच्या जाड, स्नायूंनी भरलेल्या भागात, जात्यासारखे काम करतात. शिशाचा छर्रा दिसायला खड्यासारखाच असतो. तो गिळला की पेषणीत घासला जातो, पोटातल्या आम्लात विरघळतो आणि शिसे रक्तात उतरते. पक्ष्याचे पंख लुळे पडतात, शरीर वाळते आणि दोन-तीन आठवड्यांत तो मरतो. यासाठी शेकडो छर्रे लागत नाहीत, एक-दोनही पुरतात. असा आजारी किंवा जखमी पक्षी गरुडाने खाल्ला तर विषबाधा पुढे सरकते. अमेरिकेत टकल्या गरुडांचे असे मृत्यू हे तिथल्या बंदीमागचे एक मोठे कारण होते.

माणसाला धोका कसा?

शिशाची सुरक्षित म्हणावी अशी कोणतीही पातळी ठाऊक नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेची स्पष्ट भूमिका आहे. लहान मुलांचे आतडे मोठ्यांच्या तुलनेत चार ते पाच पट शिसे शोषून घेते. त्याचा परिणाम बुद्धीच्या वाढीवर, लक्ष देण्याच्या क्षमतेवर आणि वागण्यावर होतो. मोठ्यांमध्ये रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडाला इजा होते. शिसे हाडांत वर्षानुवर्षे साठून राहते. गरोदरपणात हाडांतले कॅल्शियम वापरले जाते, तेव्हा हे जुने शिसेही रक्तात येऊन बाळापर्यंत पोहोचते.

अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०२१ मध्ये मुलांसाठीची संदर्भ पातळी प्रति डेसिलिटर ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅमवर आणली. या पातळीच्या वर आकडा आला तर शिसे कुठून येते आहे ते शोधायचे असते. त्याखाली सगळे ठीक आहे, असा याचा अर्थ नाही.

अनेकांचा समज असा की छर्रे वेचून काढले की मांस स्वच्छ झाले. प्रत्यक्षात छर्रा हाडावर आदळला की त्याचे डोळ्यांना न दिसणारे कण मांसात पसरतात. हे कण एक्स-रेमध्ये दिसतात, जिभेला कळत नाहीत. शिजवल्याने शिसे नष्ट होत नाही. उलट, व्हिनेगरसारख्या आंबट पदार्थात मांस मुरवून शिजवले तर शिसे जास्त विरघळते, असे स्पेनमधल्या अभ्यासांत दिसले आहे. आपल्याकडे मांस दही, लिंबू, कोकम नाहीतर व्हिनेगर लावून मुरवण्याची पद्धत आहे, म्हणून मराठी स्वयंपाकघरात हा मुद्दा लक्षात ठेवायलाच हवा.

धोका वाढवूनही सांगायला नको. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात २००८ मध्ये ७३६ लोकांच्या रक्ताची तपासणी झाली. शिकारीचे मांस खाणाऱ्यांमध्ये शिसे सरासरी ०.३ मायक्रोग्रॅमने जास्त आढळले. ही वाढ लहान आहे. निरोगी प्रौढाने वर्षातून एकदा असे मांस खाल्ले तर घाबरण्याचे कारण नाही. नेहमी खाणारी कुटुंबे, लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांचा हिशेब मात्र वेगळा आहे. त्यांच्यासाठी प्रत्येक टाळता येणारा मायक्रोग्रॅम टाळलाच पाहिजे. ब्रिटनची आरोग्य सेवा गरोदर स्त्रियांना शिशाच्या छर्ऱ्याने मारलेले मांस टाळायला सांगते, ते याच कारणाने.

पर्याय कोणते आहेत?

छर्रा जितका जड, तितका तो वेग टिकवून लांबवर जातो. शिशाची घनता सुमारे ११.३ आहे आणि ते मऊ व स्वस्त आहे. म्हणूनच ते इतकी वर्षे टिकले. त्याच्या जागी आज मुख्यतः तीन पर्याय वापरले जातात.

• पोलाद: प्रत्यक्षात हे मऊ लोखंडासारखे पोलाद असते. घनता सुमारे ७.८. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त वापरले जाणारे. हलके असल्यामुळे छर्रा दोन नंबर मोठा घ्यावा लागतो आणि पक्षी जवळ येईपर्यंत थांबावे लागते. ते कठीण असते, त्यामुळे जुन्या बंदुकांच्या नळीला इजा होऊ शकते. बंदूक आधी जाणकाराकडून तपासून घ्यावी लागते.

• बिस्मथ: यात थोडे कथील मिसळलेले असते. घनता सुमारे ९.६, म्हणजे शिशाच्या बरीच जवळ. मऊ असल्याने जुन्या बंदुकीतही चालते. किंमत पोलादापेक्षा बरीच जास्त.

• टंगस्टनची मिश्रणे: शुद्ध टंगस्टनची घनता १९.३ असते. लोखंड, कथील किंवा प्लास्टिकसारख्या पदार्थांत मिसळून शिशाइतके किंवा त्याहून जड छर्रे बनवता येतात. मारा उत्तम, पण हा सर्वांत महाग पर्याय.

इथे एक सावधगिरी हवी. शिसे नाही म्हणजे आपोआप सुरक्षित, असे नसते. जस्ताचे छर्रे गिळलेली बदके प्रयोगांत आजारी पडली आणि मेली, त्यामुळे अमेरिकेत जस्ताला परवानगी नाही. तिथे नव्या छर्ऱ्याला मान्यता देण्याआधी तो पक्ष्यांना आणि पाण्याला बाधतो का, हे तपासले जाते. औषधाला बाजारात येण्याआधी चाचण्या द्याव्या लागतात, तसेच हे.

शिकाऱ्यांचे आक्षेप कितपत खरे?

मुख्य आक्षेप असा: पोलादाचा छर्रा हलका, त्यामुळे पक्षी मरण्याऐवजी जखमी होऊन तडफडतील. हा प्रश्न रास्त होता. टेक्सासमध्ये होल्यांच्या शिकारीवर एक चाचणी झाली. आपल्या काडतुसात शिसे आहे की पोलाद, हे शिकाऱ्यांना सांगितलेच नव्हते. पक्षी पाडण्याच्या किंवा जखमी होण्याच्या प्रमाणात दोन्हींत महत्त्वाचा फरक आढळला नाही. आवाक्याबाहेरून गोळी झाडली तर मात्र कोणताही छर्रा पक्ष्याला जखमीच करतो.

दुसरा आक्षेप खर्चाचा. बिस्मथ आणि टंगस्टनच्या बाबतीत तो आजही खरा आहे. पोलादाच्या बाबतीत, मागणी वाढली तशी किंमत शिशाच्या जवळ आली.

कायद्याने काय साधले, आश्वासनाने काय?

मला या सगळ्यात सर्वांत बोलका वाटतो तो हा भाग.

अमेरिकेने पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे १९८७ पासून टप्प्याटप्प्याने बंद केले आणि १९९१ मध्ये देशभर बंदी पूर्ण झाली. पाणपक्ष्यांच्या शिकारीला जाताना शिशाचे काडतूस नुसते जवळ बाळगणेही गुन्हा ठरले. काही वर्षांनी मिसिसिपीच्या पट्ट्यातील मॅलार्ड बदकांचा अभ्यास झाला. त्यातून संशोधकांनी अंदाज मांडला की विषबाधेने होणारे मॅलार्डचे मृत्यू ६४ टक्क्यांनी घटले आणि १९९७ या एका वर्षात उत्तर अमेरिकेत सुमारे १४ लाख बदके वाचली.

इंग्लंडनेही १९९९ मध्ये बदके आणि हंसांवर शिशाचे छर्रे वापरण्यास बंदी घातली. पण फेझंटसाठी तेच काडतूस दुकानात खुले राहिले. परिणाम असा की पुढे बाजारातून विकत घेऊन तपासलेल्या बदकांपैकी ७० टक्के किंवा त्याहून जास्त शिशानेच मारलेली निघाली. कायदा कागदावर होता, तपासणी नव्हती.

मग फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटनमधल्या नऊ नेमबाजी व ग्रामीण संघटनांनी पाच वर्षांत स्वेच्छेने शिसे सोडण्याचे आवाहन केले. केंब्रिजच्या संशोधकांनी दरवर्षी फेझंट विकत घेऊन तपासले. २०२४-२५ च्या हंगामात, म्हणजे मुदत संपत असताना, छर्रे सापडलेल्या फेझंटपैकी ९९ टक्के शिशाने मारलेले होते. पाच वर्षे गेली आणि जवळपास काहीच बदलले नाही. सरकारला कायद्याकडे वळावे लागले, त्याची ही पार्श्वभूमी.

डेन्मार्कने १९९६ मध्येच शिशाचे छर्रे पूर्ण बंद केले आणि एप्रिल २०२४ पासून शिकारीच्या शिसेयुक्त गोळ्याही. तिथली शिकार संपली नाही. युरोपीय संघात फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागेत आणि तिच्यापासून १०० मीटरच्या आत शिशाच्या छर्ऱ्यांना मनाई आहे.

यातून निष्कर्ष असा निघतो: अर्धवट बंदी पळवाट ठेवते आणि नुसते आवाहन सवय मोडत नाही. ब्रिटनचा नवा कायदा तेव्हाच उपयोगी ठरेल, जेव्हा दुकानातून शिशाचे काडतूस खरोखर गायब होईल आणि बाजारातल्या मांसाची तपासणी होईल.

अमेरिकेतल्या वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तिथली देशव्यापी बंदी पाणपक्ष्यांपुरती आहे. हरीण, फेझंट, होले यांच्यासाठी बहुतेक राज्यांत शिसे आजही चालते. संपूर्ण शिकारीसाठी शिसे बंद करणारे कॅलिफोर्निया हे पहिले राज्य, तेही जुलै २०१९ पासून. त्यामुळे रानबदकापेक्षा भेट मिळालेल्या हरणाच्या खिम्यात शिसे असण्याची शक्यता जास्त.

तुम्ही काय करावे?

• शिकारीचे मांस घेताना थेट विचारा: हे कोणत्या छर्ऱ्याने किंवा गोळीने मारले? उत्तर मिळाले नाही तर शिसे असेल असे धरून चाला.
• सहा वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि गरोदरपणाचा विचार करणाऱ्या स्त्रिया यांनी शिशाने मारलेले मांस खाऊ नये.
• जखमेच्या भोवतीचे मांस भरपूर कापून टाका. धोका कमी होतो, संपत नाही. हे मांस आंबट मसाल्यात मुरवू नका.
• लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर शिसे जास्त शोषले जाते. हिमोग्लोबिन तपासून घ्या.
• असे मांस नियमित खात असाल किंवा बंद जागेतल्या नेमबाजीला जात असाल, तर डॉक्टरांना सांगून रक्तातील शिशाची तपासणी करा.
• छर्रा गिळला गेला तर तो बहुतेक वेळा शौचावाटे बाहेर पडतो. क्वचित अपेंडिक्समध्ये अडकून राहतो. मुलाने गिळला असेल तर डॉक्टरांना नक्की दाखवा.
• शरीरात छर्रा अडकलेला असेल तर एमआरआयपूर्वी तंत्रज्ञाला सांगा. शिसे चुंबकाकडे ओढले जात नाही, पोलाद ओढले जाते.
• पोलादाचा छर्रा दाताखाली आला तर दात तुटू शकतो. सावकाश चावा.
• ‘शिसे बाहेर काढणारी’ चूर्णे, काढे स्वतःच्या मनाने घेऊ नका. शिसे कमी करणारी औषधे ठरावीक पातळीच्या वर, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच दिली जातात.

भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मुळे रानबदकांची शिकार हाच गुन्हा आहे, त्यामुळे इथे हा प्रश्न ताटापर्यंत येण्याचे कारण नाही. शिशाचा धडा मात्र आपल्याला ओळखीचा आहे. पेट्रोलमधले शिसे २००० मध्ये गेले ते नियमाने, आणि रंगांसाठी ९० पीपीएमची मर्यादा २०१७ पासून लागू झाली तीही नियमानेच. तरीही युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात शिसे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आहे. शिसे शरीरात गेल्यावर झालेले नुकसान भरून काढणारे औषध आमच्याकडे नाही. ते आत जाऊ न देणे हाच उपाय आहे, आणि छर्ऱ्यांच्या बाबतीत त्यासाठी लागणारे पर्याय दुकानात तयार आहेत.