गैरहजर मतदाराचे मत कोणाचे?

भारतीय राज्यघटनेत सार्वमताला स्थान नाही. स्वित्झर्लंडमध्ये 1 लाख नागरिकांच्या सह्या जमल्या की घटनादुरुस्तीचा प्रस्ताव थेट जनतेच्या मताला टाकावा लागतो. येथे कायदे करावयाचे ते लोकप्रतिनिधींनीच. महाराष्ट्रात मात्र एका लहानशा क्षेत्रात निर्णयाचा अधिकार नागरिकांच्या हाती आला आहे, आणि तो मुख्यतः खेड्यापाड्यांतील स्त्रियांच्या चळवळींमुळे आला आहे. दारूच्या दुकानाविरुद्धचे ‘आडवी बाटली’चे मतदान ते हेच.

2008 च्या आदेशानुसार गावातील 25 टक्के महिला मतदारांनी, अथवा तितक्याच प्रमाणात एकूण मतदारांनी, लेखी मागणी केली की सह्यांची पडताळणी होते आणि गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर एक बाटली उभी, एक आडवी. यातून कायदा जन्मत नाही, केवळ परवाना बंद होतो, हे खरे. परंतु खरी मेख पुढेच आहे. आडव्या बाटलीला झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतील एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते पडावी लागतात.

समजा, एका गावात 600 महिला मतदार आहेत. त्यांपैकी 320 जणींनी मतदान केले आणि 270 जणींनी बाटली आडवी केली. शेकडा 84 मते विरोधात जाऊनही दुकान चालूच राहील, कारण 301 चा आकडा गाठला गेला नाही. जी आली नाही, तिचे मत दुकानदाराच्या पदरात पडले!

ही कसोटी किती कठोर आहे हे पाहावयाचे तर गोव्याकडे पाहावे. 16 जानेवारी 1967 रोजी तेथे जनमत कौल झाला. केंद्रशासित राहण्याच्या बाजूने 1,72,191 आणि महाराष्ट्रातील विलीनीकरणाच्या बाजूने 1,38,170 मते पडली. एकूण मतदार होते सुमारे 3 लाख 88 हजार. म्हणजे विजयी पक्षाला यादीतील शेकडा 44 मतदारांचाच पाठिंबा होता. (विलीनीकरणवाद्यांनी यावरून हुरळून जाण्याचे कारण नाही, त्यांचा वाटा शेकडा 36 च्या आसपास भरतो.) एका प्रदेशाचे भवितव्य ज्या मतांनी ठरले, ती एक देशी दारूचे दुकान बंद करण्यास अपुरी ठरावीत, हे विचित्रच म्हटले पाहिजे.

मूठभरांच्या मतावर कोणाचा व्यवसाय बंद पडू नये, हा आक्षेप रास्त आहे. त्यासाठी किमान पाठिंब्याची अट हवीच. पण ती निम्म्याचीच का? डेन्मार्कमध्ये 1939 साली घटनादुरुस्तीला मतदान करणाऱ्यांपैकी शेकडा 90 हून अधिक लोकांनी होकार दिला, तरी एकूण मतदारांच्या 45 टक्क्यांची अट थोडक्यात हुकली. 1953 च्या घटनेने ती 40 वर आणली.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यात तर या प्रश्नाला हंगामाचीही बाजू आहे. दिवाळीनंतर कोरडवाहू गावांतील कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, तेव्हा स्त्रीही गावाबाहेर जाते. तिचे नाव मात्र यादीत राहते. दारूपायी ज्यांच्या मजुरीची राख होते, त्यांतल्याच कित्येक जणी अशा रीतीने नकळत उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्या जातात. टक्केवारी बदलणे शासनाच्या हाती आहे. मतदानाचा दिवस गळीत हंगाम संपून मजूर परतल्यावर ठेवणे, एवढे तर जिल्हा प्रशासनालाही करता येईल.