भाडे नशिबात लिहिलेले नसते

ईद जवळ आली की आखातातल्या आपल्या माणसांना सगळे सल्ले देऊ लागतात. मंगळवारी रात्री बुकिंग कर, सर्च हिस्टरी पुसून बघ, मस्कतमार्गे ये. जणू मुंबईचे स्वस्त तिकीट मिळवणे ही हुशारीची परीक्षा आहे आणि ज्याला महाग पडले तो बावळट!

ही समजूतच खोटी आहे. विमानातली आसने वेगवेगळ्या दरांच्या गटांत विकली जातात. स्वस्त गट छोटा असतो, तो संपला की पुढचा दर लागतो. त्यामुळे ज्याला तारीख बदलता येते त्यालाच स्वस्त तिकीट मिळते. दम्माममधल्या फिटरची रजा कंपनी ठरवते. मुलांची सुट्टी शाळा ठरवते. घरी मय्यत झाली तर त्याच दिवशी निघावे लागते. अशा माणसाला कुठले अ‍ॅप वाचवणार? त्याची अडचण कंपन्यांना आधीच ठाऊक असते आणि दर तिच्यावरच चढतो.

सरकार म्हणते, भाडे बाजार ठरवतो. 1994 साली एअर कॉर्पोरेशन कायदा रद्द झाल्यापासून ही सबब आपण ऐकत आहोत. पण कोविडकाळात 25 मे 2020 पासून 31 ऑगस्ट 2022 पर्यंत याच सरकारने देशांतर्गत भाड्यांना मर्यादा घातली होती. डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची उड्डाणे कोलमडली, तेव्हा 500 किलोमीटरपर्यंत 7,500 रुपये, अशी कमाल रक्कम जाहीर झाली. म्हणजे मनात आले की हात घालता येतो.

यावर कोणी म्हणेल, ती उड्डाणे देशातली होती. आखाताचा मार्ग दोन देशांच्या करारावर चालतो. बरोबर. पण त्या करारावर सही कोणाची असते? दुबईशी असलेल्या करारात प्रत्येक बाजूच्या कंपन्यांना आठवड्याला सुमारे 66 हजार आसनांची मुभा आहे. दुबईने जास्त आसने मागितली, भारताने हात आखडता घेतला. देशी कंपन्यांना सांभाळायचे, हे कारण समजू शकते. मग त्या सांभाळण्याची किंमत मजुराच्या खिशातून का जावी?

रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार 2023-24 मध्ये परदेशातून देशात आलेल्या पैशात महाराष्ट्राचा वाटा 20.5 टक्के होता, केरळचा 19.7 टक्के. हा सगळा पैसा आखातातला नाही, हे मान्य. तरी फरक बघा. केरळने 1996 सालीच परदेशस्थ केरळी लोकांसाठी वेगळे खाते काढले. जुलै 2024 मध्ये वडकराचे खासदार शाफी परंबिल यांनी वाढत्या विमानभाड्यावर लोकसभेत खासगी ठराव मांडला. आपल्या महाड, म्हसळा, खेड, राजापूरचे खासदार या विषयावर कधी बोलताना दिसतात? आणि आपण तरी त्यांना कधी विचारले?

इथे आपली सवय आडवी येते. महाग तिकीट काढायचे, ‘नसीब’ म्हणायचे आणि सब्र करायचा. सब्र हा गुण आहे, पण मागणी न करण्याला सब्र म्हणत नाहीत.

हा फक्त मुसलमानांचा प्रश्नही नाही. गणपतीला घरी येणारा चिपळूणचा वेल्डर तीच लूट सोसतो. कोकणात गणपतीला एसटी जादा गाड्या सोडते, रेल्वे विशेष गाड्या सोडते. गर्दी होणार हे माहीत असते, म्हणून सोय केली जाते. ईदची तारीखही फार तर एका दिवसाने इकडेतिकडे होते. मग विमानाला हाच न्याय का नको?

मागण्या साध्या आहेत. ईद, गणपती आणि मुलांच्या सुट्टीत आखात-मुंबई जादा उड्डाणे हवीत. नवी मुंबई विमानतळ कोकणाला जवळचा आहे. तिथून आखातासाठी परवडणारी सेवा हवी. मय्यतीसाठी येणाऱ्याला ठरावीक दराची काही आसने राखीव हवीत.

तुमच्या घरातल्या माणसाने गेल्या ईदला किती भरले आणि एरवी किती भरतो, हे दोन आकडे तिकिटांसह गोळा करा. गावातल्या दहा घरांचे मिळाले की शेजारच्या हिंदू घरांचेही घ्या आणि सगळ्यांच्या सह्यांनिशी खासदाराच्या हातात द्या. उत्तर लेखी मागा.