बोकड डिकीत नको, मेंढरं खाचरात हवीत

गेल्या माघातली गोष्ट. शनिवारी संध्याकाळी जगबुडी नदीच्या काठाला, आमच्या खाचराच्या कडेला दोन मोठ्या गाड्या येऊन थांबल्या. टपावरचे तंबू उघडले, खुर्च्या मांडल्या गेल्या. मग एका गाडीची डिकी उघडून पोरांनी बोकड खाली उतरवला. पाय बांधलेल्या स्थितीत तो मुंबईहून कशेडी घाट ओलांडून इथवर आला होता. पाय सोडले तरी त्याला उभं राहता येईना. तोंडाला फेस आला होता. मी बादलीतून पाणी नेलं, तर तो बादलीतून तोंड बाहेर काढेना.

पोरं स्वभावाने वाईट नव्हती. एक जण म्हणाला, "काकी, ताजं मटण खायचं होतं, म्हणून सोबतच आणला." रात्री त्यांनी तो कापला. सकाळी आतडी नदीत टाकली आणि गेले. जाताना दोन जिवंत कोंबड्या उरल्या होत्या, त्या बांधावर सोडून दिल्या.

जनावरं बरोबर घेऊन मुक्काम करत फिरणं कोकणातल्या आमच्या खेडला नवीन नाही. मी लहान असताना भाताची झोडणी उरकली, खाचरं मोकळी झाली, की घाटावरून, सातारा-सांगलीकडच्या कमी पावसाच्या भागातून धनगरांची मेंढरं खाली उतरत. घोडीच्या पाठीवर सगळा संसार असे. पातेली, पिठाची थैली, घोंगड्या, कोकरं कोंडायचं जाळीचं वाघूर आणि सगळ्यांत वर बांधलेल्या कोंबड्या. मेंढरांच्या कळपात चार-दोन शेळ्या असायच्याच. तळ पडला की बाई आधी कोंबड्या सोडी. त्या दिवसभर खाचरात सांडलेलं भात टिपत आणि तिन्हीसांजेला आपणहून डालग्याजवळ येत.

आई माझ्याकडून सुपात तांदूळ पाठवी. तेव्हा पाहिलेलं अजून डोळ्यांसमोर आहे. तीन दगडांची चूल पेटलेली असे. धनगरीण मावशी शेळीचा पाय गुडघ्यात धरून थेट तांब्यात धार काढी आणि तेच दूध चहाला घाली. दूध कुठून आणावं लागत नव्हतं, ते त्यांच्याबरोबर चालतच येई.

आणखी एक गोष्ट त्या वयातही माझ्या लक्षात आली होती. एवढी मेंढरं भोवती असून त्यांच्या ताटात मटण क्वचितच दिसे. भाकरी, दूध, ठेचा, कधी एखादं अंडं. मेंढरू ही त्यांची शिल्लक होती. लग्न निघालं, दवाखाना लागला, की विकायची. जितराब बरोबर असणं म्हणजे रोज ते कापून खाणं नव्हे, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नव्हतं.

रात्री वडील आमच्या खाचरात मेंढरं बसवत आणि त्याबद्दल धनगरांना भात मोजून देत. लेंड्या आणि मूत जागच्या जागी जमिनीत मुरे. पुढच्या पावसात ते खाचर बांधावरून ओळखू येई, इतकं भात गर्द हिरवं असे. त्यांच्या मेंढरांना चारा मिळे, आमच्या जमिनीला खत मिळे. पावसाआधी ती घाटावर परत जात, कारण कोकणचा पाऊस मेंढीला मानवत नाही. कुठे उतरायचं, किती दिवस थांबायचं, कधी निघायचं, हे सगळं जनावराच्या सोयीने ठरे.

याच्या उलट उदाहरणही आहे. १९३३ साली अमेरिकेचे ध्रुवसंशोधक रिचर्ड बर्ड दक्षिण ध्रुवाकडच्या मोहिमेवर निघाले, तेव्हा ताज्या दुधासाठी त्यांनी तीन गर्न्सी गाई जहाजात घेतल्या होत्या. वाटेत जहाजावरच एक वासरू जन्मलं, त्याचं नाव आइसबर्ग ठेवलं. पण तिथे गवताची काडी नाही. चारा जहाजातून न्यायचा आणि बर्फात गोठा उभारायचा. जिथे जनावराला चरता येत नाही, तिथे ते माणसाच्या पाठीवरचं ओझं होतं. धनगराचं जनावर ओझं नव्हतं, कारण ते वाटेवर आपलं पोट भरत होतं आणि थांबेल त्या जमिनीला काही देऊन जात होतं. माझ्या मते हीच कसोटी आहे. डिकीतला बोकड तिला उतरत नाही.

तो कायद्यालाही उतरत नाही. जनावराला विनाकारण यातना होतील अशा तऱ्हेने वाहनातून नेणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. जगबुडीत मगरी आहेत, हे खेडमध्ये शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. नदीत आतडी टाकणं म्हणजे जिथे आमच्या बाया धुणं धुतात तिथे मगरीला बोलावणं. आणि त्या दोन कोंबड्या? आठ-दहा दिवसांत शेजारणीच्या कोंबड्या माना टाकू लागल्या. डॉक्टर म्हणाले, राणीखेत दिसतोय. बाहेरच्या कोंबड्यांनीच तो आणला असं मी छातीठोक सांगणार नाही. पण अनोळखी पाखरू आपल्या खुराड्यात मिसळू देऊ नये, हे जुन्या बायका सांगत आल्या, त्याला कारण आहे. अकरा कोंबड्या गेल्या. शेजारणीच्या घरातला मीठ-मिरचीचा खर्च अंड्यांवर चालत होता.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. या गाड्यांना आम्ही काठावर जागा देतो आणि मेंढरांना मात्र नाही म्हणतो. १९९० मध्ये रोजगार हमीतून फळबाग योजना आली, आंबा-काजू लागला, कलमं जपायला कुंपणं आली. ते योग्यच झालं. महामार्ग रुंद झाला, कळप रस्त्यापलीकडे नेणं जिवावरचं झालं. पण कितीतरी खाचरं मालक मुंबईला असल्यामुळे पडच आहेत. त्यांच्यात गवत वाळतं, मग वणवा लागतो. आणि आम्ही जूनमध्ये खताच्या गोणीसाठी रांगेत उभे राहतो.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे गवताळ रानांचं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष ठरवलं आहे. त्याचा मान राखायला भाषणं नकोत. ग्रामसभेने दिवाळीनंतर पड खाचरांची यादी करावी, मुंबईच्या मालकांची फोनवर संमती घ्यावी आणि मेंढरांच्या तळाला जागा व पाणी ठरवून द्यावं. कळप उतरला की पशुवैद्यकीय दवाखान्याने पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या रोगाची लस झाली आहे का ते पाहावं. हा रोग २०३० पर्यंत जगातून घालवायचा, असं ठरलेलंच आहे.

आणि फिरायला येणाऱ्या मुलांनो, तुम्ही जरूर या. रसाळगड, सुमारगड, महिपतगड बघा, तंबू ठोका. पण जनावर आणू नका. ताजं खायचं तर ते इथेच आहे. डोंगरातल्या धनगरवाड्यांवर गवळी धनगरांकडे म्हशीचं दूध मिळतं, वाडीतल्या बायकांकडे गावठी अंडी, खेडच्या बाजारात मटण. तेवढेच पैसे इथल्या घरात जातील आणि एक जीव पाच-सहा तासांच्या हालांतून सुटेल.

आमचं खाचर मी यंदा मोकळं ठेवणार आहे. झोडणी झाली की मेंढरं बसवायला जागा आहे, विहिरीला पाणी आहे, आणि मोजून द्यायला भातही आहे.