सोयाबीन उगवलं नाही? 'कंपनीला विचारा' ऐकून परत फिरू नका

पेरणीनंतर आठवडाभरात तास दिसायला लागतात. नाही दिसले की कृषी सेवा केंद्रावर गर्दी होते आणि काउंटरवरून ठरलेलं उत्तर येतं, 'कंपनीला विचारा.' कंपनीचा माणूस आलाच तर माती उकरून सांगतो, खोल पेरलं, ओल कमी होती. 2020 च्या खरिपात मराठवाडा-विदर्भातून सोयाबीन न उगवल्याच्या हजारो तक्रारी झाल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली होती.

फ्रिजला वॉरंटी असते, बियाण्याला कुठली, असं आपल्याकडे सहज म्हणतात. पण पिशवीचं लेबल म्हणजे वॉरंटीच आहे. त्यावर लॉट नंबर, तपासणीची तारीख आणि उगवणशक्ती छापलेली असते. सोयाबीनची किमान उगवण 70 टक्के ठरलेली आहे. म्हणजे शंभर दाण्यांतले सत्तर उगवतील, या बोलीवर पैसे घेतलेत.

शेतकरी हा ग्राहकच नाही, असं पूर्वी कंपन्या कोर्टात सांगायच्या. आंध्रातल्या शेतकऱ्यांविरुद्ध राष्ट्रीय बीज निगम सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 2012 मध्ये निकाल शेतकऱ्यांच्या बाजूने लागला. बियाणे कायदा वेगळा असला तरी ग्राहक कायद्याने भरपाई मागता येते, हे कोर्टाने मान्य केलं. प्रयोगशाळेत पाठवायला नमुना कुठाय, हा मुद्दाही टिकला नाही. घेतलेलं सगळं बी शेतकरी पेरणारच, तो नमुना कशाला राखून ठेवील?

तरी शेतकरी हरतो तो कागदावर. उगवण कमी दिसली की त्याच दिवशी तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तालुका समिती शेतावर येऊन पाहणी करते, पंचनामा होतो. आयोगापुढे सगळ्यात जड तोच कागद पडतो. म्हणून सही करण्याआधी पूर्ण वाचा. पेरणी तीन-चार सेंटिमीटरवर होती, पाऊस पुरेसा झाला होता, शेजारच्या रानात दुसऱ्या लॉटचं बी उगवलं, हे खरं असेल तर तसं लिहून घ्या. 'ओलावा अपुरा' एवढी एक ओळ कंपनीला पुरते.

अडचण अशी की वाफसा समितीसाठी थांबत नाही. दुबार पेरणी करावीच लागते. मग फोटो-व्हिडिओ काढा आणि एक पट्टा न मोडता तसाच राखा. कंपनी बदली पिशवी देते तेव्हा 'तक्रार मिटली' अशा कागदावर सही मागितली तर करू नका. गेलेलं नुकसान एका पिशवीचं नसतं, मशागत, खत, मजुरी आणि हंगामाचं असतं.

खरी गोम उधारीत आहे. बी उधार घेतलं की बिल 'नंतर देतो' होतं, आणि खतही तिथूनच घ्यायचं म्हणून कुणी तोंड उघडत नाही. पण बिल न देणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित प्रथा आहे. सदोष माल परत घ्यायला नकार देणंही त्यातच येतं. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ती 30 दिवस धरतात. उधारीतसुद्धा बिल मागा, त्यावर लॉट नंबर पाहून घ्या. रिकामी पिशवी आणि लेबल जपून ठेवा. पिशवी खालच्या बाजूने फोडली तर लेबल शाबूत राहतं.

कंपनी हैदराबादची असो की इंदूरची, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील हवाच असं नाही. मुदत दोन वर्षांची. आधी चौकशी करायची असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर फोन करा.