जठरातील फुगा : उपाय मुदतीचा, प्रश्न त्यानंतरचा

राजधानी दिल्लीत लठ्ठपणाची समस्या गंभीर झाली आहे. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार दिल्लीतील ४१.३ टक्के स्त्रिया आणि ३८ टक्के पुरुषांचे वजन प्रमाणापेक्षा अधिक होते. देशपातळीवर हे प्रमाण अनुक्रमे २४ आणि २२.९ टक्के होते.

या पार्श्वभूमीवर दिल्ली, गुरुग्राम आणि नोएडा येथील खासगी रुग्णालयांत जठरात फुगा बसविण्याचा पर्याय उपलब्ध आहे. शस्त्रक्रिया टाळू इच्छिणाऱ्यांना तो आकर्षक वाटतो. दुर्बिणीच्या साहाय्याने मऊ फुगा जठरात सोडून त्यात साधारणतः ४०० ते ७०० मिलिलिटर क्षारयुक्त पाणी भरले जाते. त्यामुळे थोड्या अन्नानेही पोट भरल्यासारखे वाटते. बहुतेक फुगे सहा महिन्यांनी काढावे लागतात. गोळीप्रमाणे गिळण्याचा नवा प्रकार सुमारे सोळा आठवड्यांनी आपोआप रिकामा होऊन शरीराबाहेर पडतो.

या काळात शरीराचे वजन सरासरी एक दशांशाच्या आसपास घटते. मात्र सुरुवातीचे काही दिवस मळमळ, उलट्या आणि पोटातील कळा यांचा त्रास अनेकांना होतो. गंभीर गुंतागुंत विरळ असली तरी ती जीवघेणी ठरू शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जून २०१८ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, पाण्याने भरलेल्या फुग्यांच्या संदर्भात २०१६ पासून जगभरात १२ मृत्यूंची नोंद झाली होती.

खर्चाचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये ठरविलेल्या निकषांनुसार लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेला विमासंरक्षण मिळण्यासाठी शरीरभार निर्देशांक ४० किंवा त्याहून अधिक, अथवा गंभीर सहव्याधी असल्यास किमान ३५ असावा लागतो. फुग्याचा विचार करणारे अनेक जण या मर्यादेखालीच असतात. साहजिकच त्यांना खर्चाचा भार स्वतः उचलावा लागतो.

२०२५ मध्ये टिर्झेपेटाइड आणि वजन घटविण्यासाठीचे सेमाग्लुटाइड ही इंजेक्शने भारतात दाखल झाल्याने आणखी एक पर्याय निर्माण झाला. तथापि, औषध थांबविल्यास किंवा फुगा काढल्यास वजन पुन्हा वाढण्याचा धोका दोन्हींत आहे.

म्हणूनच फुगा हा उपचाराचा शेवट नसून सवयी बदलण्यासाठी मिळालेली मुदत ठरते. तो बसविण्यापूर्वी केवळ किंमत विचारणे पुरेसे नाही. तो निघाल्यानंतर आहारतज्ज्ञ आणि डॉक्टर किती काळ सोबत राहणार, हे आधीच स्पष्ट करून घेणे रुग्णाच्या हिताचे आहे.