सोडमुंज

सोडमुंजीचे वेळी बटूस छत्री, जोडे व काठी देऊन काशीस निघावयास लावतात; आणि तो चार पावले जातो न जातो तोच मामा आपली मुलगी देण्याचे कबूल करून त्यास परत आणतो. आमची सोडमुंज डोळखांबास अशीच हसतखेळत झाली. वयात येणे म्हणजे एवढेच, अशी आमची समजूत होती.

आमच्या लहानपणी ओटीवर एक विषय ठरलेला असे: ‘कुळकायद्यात जमिनी गेल्या.’ १ एप्रिल १९५७ रोजी कसणारी कुळे जमिनीची मालक मानली गेली. आमचा जन्म त्यानंतरचा. गेलेल्या जमिनीचे दुःख मात्र आम्हांस वारशाने मिळाले. ती कसली कोणी, हे कोणी सांगितले नाही.

सोळाव्या वर्षी गोदावरी परुळेकर ह्यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे १९७० साली निघालेले पुस्तक हाती पडले. बाई १९०७ साली पुण्यात सुखवस्तू गोखले कुटुंबात जन्मल्या. कायद्याची पदवी घेतली. अशा घरची मुलगी १९४५ साली ठाणे जिल्ह्याच्या जंगलपट्टीत वारल्यांच्या झोपड्यांतून राहिली, आणि वेठ व लग्नगडी ह्या चाली मोडण्यास त्यांच्यासंगे उभी राहिली. लग्नापुरते कर्ज घेऊन सावकाराकडे वर्षानुवर्षे राबणारा, तो लग्नगडी.

आम्ही वडिलांस विचारले, ‘नाना, आपल्याकडेही वेठ होती का?’

ते पुष्कळ वेळ सुपारी कातरीत राहिले. मग म्हणाले, ‘होती. पण तिला वेठ म्हणतात, हे आम्हांस कधी सुचलेच नाही.’

पुत्र सोळा वर्षांचा झाला म्हणजे त्यास मित्र मानावे, असे आपले पूर्वज सांगून गेले. नाना त्या दिवशी प्रथमच आमच्याशी मित्रासारखे बोलले. आमची खरी सोडमुंज ती.

पुढे आम्ही काही गोदावरीबाई झालो नाही. मास्तरकी पत्करली, आणि ज्यांच्या आज्यांनी आमच्या अंगणात उभे राहून खावटी मागितली असेल, अशा मुलांस मुळाक्षरे शिकविली. त्याने ऋण फिटले, असे आम्ही म्हणत नाही.

वाचकहो, आपल्या घरी मुले मोठी होत आहेत. भांडी घासणाऱ्या बाई कोणत्या वाडीवरून येतात, त्यांस आपण काय देतो, तेवढ्यात त्यांचे भागते काय, असे एखादे दिवशी ती विचारतील. तेव्हा ‘तुला काय करायचे आहे?’ म्हणून त्यांस उंबऱ्यावरून परत बोलावू नये. जे खरे असेल ते सांगावे, सांगताना मान खाली गेली तरी.